तिसऱ्या गिअरमधला आवाज

५ मार्च, गुरुवार

आवाज आहेच. आज खात्री झाली.

गाडी बाबांची, पण गुरुवारी माझ्याकडे असते. प्रयोगशाळेची व्हॅन त्या दिवशी दुसऱ्या विभागाला जाते आणि पाण्याचे नमुने काही आपण होऊन चालत येत नाहीत. बाटल्यांचा क्रेट मागच्या सीटवर होता, म्हणून आधी वाटलं बाटल्याच किणकिणतायत. मध्ये टॉवेल कोंबला. आवाज तसाच. काचा वर केल्या, पंखा बंद केला. रेडिओ कधीच मेलाय. तरी आवाज! दुसऱ्या गिअरमध्ये बारीक, तिसऱ्यात भरदार — शेजारच्या घरात कुणीतरी मिक्सर लावून विसरून गेलंय, तसा. चौथ्यात जरा कमी.

संध्याकाळी किल्ली परत द्यायला गेले तेव्हा बाबांना विचारलं.

"कसला आवाज?" म्हणाले. "जुनी गाडी आहे. थोडं बोलणारच."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आहे आवाज. दुरुस्त करून घ्या."

आईने गाडीबद्दल मत दिलं! जिला गाडीचा रंग विचारला तर आधी खिडकीतून खाली डोकावून बघेल, तिने.

७ मार्च, शनिवार

एकदा घेतलेल्या नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मी कामावर सगळ्यांना ऐकवत असते. म्हणून आज पुन्हा. बाबांच्या इमारतीखाली, गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू — आवाज येतो. क्लच दाबला — थांबतो. सोडला — परत. असं बराच वेळ केलं.

वॉचमन येऊन उभा राहिला. "मॅडम, चालू होत नाहीये का?"

"चालू आहे."

"मग?"

गाडी बंद करून वर गेले.

९ मार्च, सोमवार

गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री बाबांच्या ओळखीचे, बाबांना साहेब म्हणतात, मला ताई. बोनेट न उघडताच सांगून टाकलं, "क्लच गेला."

क्लच दाबला की आवाज थांबतो, हे मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत बसले, स्वतः दाबून पाहिला, सोडून पाहिला. बाहेर आले.

"मग बेअरिंग. गिअरबॉक्सच्या आतलं." — जणू पहिल्यापासून हेच म्हणत होते!

"उघडावा लागेल?"

"उघडावा लागेल. नाही उघडला तरी चालेल. वर्ष काढेल. दोन काढेल. उद्याही बसेल."

"यातलं नेमकं काय?"

"ताई, मी मिस्त्री आहे, ज्योतिषी नाही. रेडिओ मोठा लावा आणि चालवा."

"रेडिओ बंद आहे."

"मग तो करून देऊ?"

गिअरबॉक्स उघडायचा खर्च ऐकला. तेवढ्यात ही गाडी विकतही घेता येईल, असं मनात आलं. नंतर वाटलं, हा काही युक्तिवाद नव्हे. माणूस दवाखान्यात नेताना त्याची किंमत काढत नाही. मग वाटलं, गाडी म्हणजे माणूस नव्हे. दोन्ही बरोबर आहे. निर्णय झाला नाही.

१० मार्च, मंगळवार

दादाचा फोन. तो दुसऱ्या शहरात राहतो आणि तिथून ठाम असतो. "भंगारात दे. विषय संपला." आणि लगेच, "अर्थात तू तिथे आहेस, तुला योग्य वाटेल ते कर."

या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मी कित्येक वर्षं राहतेय.

११ मार्च, बुधवार

बुधवारी आई-बाबा मावशीकडे जातात. मावशी आईची थोरली बहीण, नदीपलीकडे टेकडीवर एकटी राहते. जिन्यावरून पडल्यापासून घराबाहेर पडलेली नाही. आई जाऊन तिचे केस धुते, नखं कापते, तिच्याशी कडकडून भांडते आणि परत येते. वरपर्यंत बस जात नाही. टॅक्सी वर जाते, पण परतायला मिळत नाही.

आज मी कामावरून त्यांच्याकडे डोकावले. बाबा म्हणाले, "झकास चालली की गाडी!" आई मात्र आतल्या खोलीत आडवी. डोळ्यांवर हात. दिवेलागणीच्या आधी आई झोपलेली मी कधी पाहिली नाही.

"बरं नाही का?"

"डोकं उठलंय. जा तू."

१३ मार्च, शुक्रवार

आईचा कामावर फोन! मी इतकी वर्षं इथे आहे, तिने इथे कधी फोन केला नव्हता.

"गाडीचं काय झालं?"

"विचार करतेय."

"त्यात विचार कसला करायचा? पैसे माझ्या ठेवीतले घे."

"ती ठेव आजारपणासाठी आहे."

"मग आजारपणच आहे."

"कुणाचं?"

"गाडीचं!" — आणि ठेवून दिला.

काहीतरी आहे जे मला कळत नाहीये.

१९ मार्च, गुरुवार

मिस्त्री म्हणाले, आधी गिअरबॉक्समधलं ऑइल काढून बघू, मग उघडायचं की नाही ते ठरवू. काढलं. काळपट, आणि उन्हात धरलं की चकचकतं. मी एक बाटली भरून घेतली. बाटलीवर तारीख घातली, ठिकाण घातलं. मिस्त्री बघत होते. "याचं काय करणार? प्यायला चांगलं आहे का बघणार?"

२० मार्च, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत बाटलीतलं थोडं ऑइल काचेच्या बशीत ओतलं, पातळ केलं आणि बशीखालून लोहचुंबक फिरवलं. काळे कण त्याच्यामागून मुंग्यांसारखे निघाले. हे पोलाद — बेअरिंगचं. अपेक्षित होतं.

पण सगळे कण गेले नाहीत. बशीत पिवळी भुकटी जागच्या जागी राहिली. चुंबकाला न जुमानणारी.

शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "सोनं सापडलं वाटतं! आम्हाला विसरू नकोस."

मिस्त्रींना फोन केला. "पिवळं म्हणजे पितळी रिंगा. गिअर जबरदस्तीने टाकला की झिजतात. इंजिनचा वेग एक, गाडीचा एक, आणि मध्ये रिंग बिचारी. कोण चालवतं जास्त?"

"बाबा."

"मग साहेब नाहीत. साहेबांचा हात म्हणजे लोणी!"

राहिलं कोण? मी.

२२ मार्च, रविवार

सकाळभर रिकाम्या रस्त्यांवरून गाडी चालवली, फक्त स्वतःचे गिअर ऐकत. एकदाही खरखरलं नाही. पण यातून काही सिद्ध होत नाही. लक्ष ठेवलं की कुणीही नीट चालवतं. तपासणारी मीच आणि तपासली जाणारीही मीच — हा नमुना बाद.

बाबांबरोबर बसून बघायला हवं. असं लिहितानासुद्धा चोरटं वाटतंय. मावशीला भेटायला जाते म्हणून सांगेन. ते खोटं नाही. पूर्ण खरंही नाही.

२५ मार्च, बुधवार

सुट्टी घेतली. मागच्या सीटवर बसले.

पहिली काही मिनिटं मी बाबांचेच हात-पाय बघत होते. बाबा सुरेख चालवतात. आरसा बघतात, इशारा देतात, चौकात वेग कमी करतात. फळांच्या दुकानामागून एक सायकलवाला निघाला, तो मला दिसायच्या आधी त्यांना दिसला. मला माझीच लाज वाटायला लागली.

आई खिडकीबाहेर बघत माझ्याशी बोलत होती. मावशीच्या शेजारणीबद्दल — "तिला म्हटलं, उसनी नेलेली शिडी परत दे, तर म्हणते कसली शिडी... तिसरा... असं धादांत खोटं बोलते ती बाई."

मी म्हटलं, तिसरा काय?

"काही नाही," आई म्हणाली. "तर ती शिडी —"

पुढे सिग्नलला थांबून निघालो. "— आणि वर मलाच म्हणते, तुमचं वय झालं, विसरला असाल. दुसरा. तूच सांग, शिडी कुणी विसरतं का? तिसरा."

आणि बाबांचा हात हलत होता. आई म्हणेल तेव्हा, म्हणेल तो गिअर. ती जरा मोठ्याने, अगदी सपाट सुरात म्हणायची, मध्येच, श्वास घेतल्यासारखं. शिडीची गोष्ट एकीकडे चालूच. मी गाडीत आहे म्हणून थांबावं, हेही दोघांच्या डोक्यात आलं नाही. इतकी सवय!

मी गप्प झाले. आईला वाटलं, मला शिडीत रस नाही.

टेकडीच्या चढावर तो घोंगावणारा आवाज वाढला. आईने बोलणं थांबवलं, मान थोडी पुढे काढली, डोळे मिटले. "तिसरा," म्हणाली. बाबांनी टाकला. चुकलं होतं — इंजिनात जोरच राहिला नाही, गाडी हुंदके द्यायला लागली. "नाही नाही, दुसरा, दुसरा!" बाबांनी दांडा मागे ओढला. कर्रर्र! गाडी बंद. हातभर मागे घसरली. बाबांनी हँडब्रेक ओढला.

मागे ट्रक होता. तो हॉर्न वाजवत राहिला — लांब, न सोडता. मी कानांवर हात ठेवले. बाबांची मान हललीही नाही. ते आईकडे बघत होते, शांतपणे, ती काय म्हणते याची वाट बघत.

"बाबा, मागे ट्रक आहे!" मी ओरडले.

"बघितला की," म्हणाले. "लाल. थांबलाय तो."

हेही खरंच होतं. ट्रक थांबलेलाच होता.

मावशीकडे पोचलो. मावशीने आल्या आल्या आईला विचारलं, "उशीर का?" आई म्हणाली, "तुझी टेकडी उंच झालीय." मग दोघी शिडीवर बोलत बसल्या. परतताना मी चालवू का विचारलं. बाबा म्हणाले, "कशाला? दमलो नाही मी."

२६ मार्च, गुरुवार

पिवळी भुकटी कुणाची, ते कळलं.

किल्ली परत करायला गेले. बाबा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. आई ओट्यापाशी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कधीपासून काय?"

"तू बाबांना गिअर सांगतेस ते."

"हळू बोल!" आई म्हणाली. आणि मग आम्हा दोघींच्याही लक्षात आलं, की हळू बोलायची गरज नाही. बाबा हाकेच्या अंतरावर पाठमोरे उभे होते. एका कुंडीतून पाणी बाहेर वाहत होतं.

आईने गॅस बारीक केला. मावशी पडली त्या सुमाराची गोष्ट, म्हणाली. "हे दुसऱ्यातच ओढत राहायचे. इंजिन किंचाळतंय आणि हे आपले शांत. म्हटलं, अहो, बदला की. बदलला. पुढच्या वेळी परत म्हटलं. मग सवयच पडली तशी."

"पण तुला कसं कळतं? तू कधी चालवली नाहीस."

"दूध वर यायच्या आधी कळतं ना तुला? तसं."

मला कळत नाही. माझं दूध उतू जातं. पण ते सोडा.

"बाबांना ऐकू येत नाही, यावर तुम्ही बोलत नाही?"

"काय बोलायचं? मी सांगते, ते करतात. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा!" हसली. मग हसू गेलं. "आता त्या मेल्या आवाजात मला इंजिनच ऐकू येत नाही गं. सगळा रस्ता कान ताणून बसते. घरी आले की डोकं फुटायची वेळ येते. तेवढं दुरुस्त करून दे. म्हणजे मी नीट सांगेन."

म्हणजे ठेव मोडून आईला गिअरबॉक्स नको होता. तिला शांतता हवी होती, बाबांसाठी ऐकायला.

दोघं मिळून एक ड्रायव्हर. लायसन्स एकाचंच. हे इथे लिहिलं की हसू येतं. काल चढावर आलं नव्हतं.

२९ मार्च, रविवार

दादाला सांगितलं. सांगायचं की नाही, यात दोन दिवस गेले. आईची गोष्ट मी परस्पर सांगायची का? पण बाबा त्याचेही आहेत.

तो म्हणाला, "दुरुस्त करूच नकोस. आयतं कारण मिळालंय. सांग, गिअरबॉक्स गेला, सुटे भाग मिळत नाहीत. बाबांना वाईट वाटेल ते गाडीचं. स्वतःचं नाही वाटणार."

शेवटचं वाक्य चांगलं होतं. दादाकडून असं वाक्य क्वचित येतं, म्हणून त्याला लगेच नाही म्हणता आलं नाही.

३१ मार्च, मंगळवार

दादाच्या सूचनेत नेमकं काय चुकतं, ते शोधतेय. सुरक्षित आहे. दयाळू आहे. स्वस्तही आहे. फक्त खोटी आहे. कामावर कुणी चांगल्या हेतूने बाटलीवरची चिठ्ठी बदलली, तर मी काय करेन?

आणि बुधवारचं काय? मावशीचे केस कोण धुणार?

दुसऱ्या बाजूने — ट्रक थांबला नसता तर? या प्रश्नापुढे बाकीचे सगळे प्रश्न लहान दिसतात. पण मग हा प्रश्न बाबांना विचारायचा. बेअरिंगला नव्हे.

ठरलं. गाडी दुरुस्त करायची. बाबांशी वेगळं बोलायचं, सरळ, तोंडावर. दोन गोष्टी आहेत, एकमेकींत मिसळायच्या नाहीत.

३ एप्रिल, शुक्रवार

गाडी गॅरेजला दिली. मिस्त्री म्हणाले, "ठरलं एकदाचं? एवढा विचार लोक लग्नाचाही करत नाहीत."

"मीही केला नव्हता. म्हणूनच."

ते खो खो हसले. माझ्या घटस्फोटाचा इतका उपयोग पहिल्यांदाच झाला.

बाबांशी बोलायचं राहिलं. गाडी येऊ दे, मग.

९ एप्रिल, गुरुवार

गिअरबॉक्स टेबलावर उघडा पडलाय. बेअरिंगच्या कड्यावर खड्डेच खड्डे. पितळी रिंगांचे दाते बोथट झालेले. मिस्त्री एक रिंग फडक्याने पुसत राहिले. लोण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

"साहेबांचं वय काय आता?" एवढंच विचारलं.

सांगितलं.

"छान राखलीय तब्येत," म्हणाले.

१८ एप्रिल, शनिवार

गाडी मिळाली. आवाज गेला! इतका गेला की दाराची एक सैल पट्टी वाजते, तीही ऐकू यायला लागली. तिसऱ्यात टाकली, काच वर केली — नुसतं इंजिन. आई म्हणत होती ते पहिल्यांदा कळलं. इंजिन खरंच सांगतं. सूर जड होतो, मग ओढल्यासारखा होतो, आणि तेव्हा पाय आपोआप क्लचवर जातो. मी इतकी वर्षं हे न ऐकता ऐकत होते.

गॅरेजमधून सरळ बाबांकडे जायचं होतं. माझ्या घरी आले. म्हटलं, दोन दिवस चालवून बघू, काही राहिलं असेल तर. किल्ली फ्रिजवरच्या वाटीत ठेवली.

काही राहिलेलं नाही. मला माहीत आहे.

२२ एप्रिल, बुधवार

सुट्टी. मी गाडी चालवली. बाबा म्हणाले, "हो का? बरं." आणि मागे जाऊन बसले. आईही मागे बसली. पुढची सीट रिकामी. टॅक्सी चालवतेय असं वाटलं.

आरशात बाबा दिसत होते — दोन्ही हात मांडीवर, कुणाची तरी पिशवी सांभाळायला दिल्यासारखे.

परत आल्यावर किल्ली माझ्याच पर्समध्ये गेली. कुणी मागितली नाही. मी दिली नाही. हे बोलणं नव्हे. मी ठरवलं होतं ते हे नव्हे.

२९ एप्रिल, बुधवार

सुट्टी मिळाली नाही. एका वस्तीतून गढूळ पाण्याची तक्रार, नमुन्यांचा ढीग. आईला कळवलं. "असू दे," म्हणाली. मावशीला फोनवर भेटली म्हणे. फोनवर केस धुता येत नाहीत, हे आई बोलली नाही. मीच लिहितेय.

४ मे, सोमवार

संध्याकाळी दार वाजलं. बाबा. दोन गल्ल्या चालत आले होते. मी घरी आहे का, असा फोनही केला नव्हता — फोन ते हल्ली करत नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं.

चहा केला. त्यांनी घरभर पाहिलं, नळाची चावी घट्ट करून दिली. फ्रिजवरची वाटी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. मी मनात वाक्य जुळवत होते. 'बाबा, मला तुमच्याशी —' इथपर्यंत यायचं आणि अडायचं.

"कशी चालते आता?" त्यांनी विचारलं.

"छान." मग मोठ्याने, "छान चालते! आवाज गेला!"

"चांगलं झालं." चहा संपवला. "मला काही फरक कळला नसता म्हणा."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते कपाकडे.

"त्या दिवशी तो ट्रक हॉर्न देत होता का?"

मी मान हलवली.

"बराच वेळ?"

पुन्हा मान हलवली.

"हं." उठले. चपला घातल्या. दारात वळून म्हणाले, "किल्ली असू दे तुझ्याकडे. उगीच अवघडून बसू नकोस."

गेले.

जे मी बोलायचं होतं ते त्यांना बोलावं लागलं. माझ्याच घरात, माझं वाक्य. आणि मी काय केलं? कप विसळला. सरळ, तोंडावर — काय झोकात लिहिलं होतं!

५ मे, मंगळवार

कानाच्या डॉक्टरचं नाव शोधून ठेवलं. आईला सांगितलं. आई म्हणाली, "तू नको बोलूस. मी बघते."

२० मे, बुधवार

एक बुधवार मी, एक बुधवार कुणी नाही, असं चाललंय. मावशीने विचारलं, "तुझे बाबा आता मागे का बसतात?" मी म्हटलं, आराम करतात. मावशी म्हणाली, "हा माणूस आणि आराम!"

बाबांनी कानात यंत्र लावून पाहिलं. माणसं ऐकू येतात म्हणाले. रस्त्यावर मात्र सगळं एकदम अंगावर येतं, कुठलं काय ते कळत नाही. घरात लावतात, बाहेर काढून ठेवतात. गाडीचा विषय निघत नाही.

१० जून, बुधवार

दादाचा फोन. "मग विकून टाक आता. कोण चालवतंय?"

त्याचं बरोबर आहे. गुरुवारसाठी व्हॅन मिळायला लागलीय. गाडी माझ्या इमारतीखाली धूळ खात उभी असते, आतून ठणठणीत. इतका विचार करून, ठेव मोडून, एक निर्दोष गिअरबॉक्स तयार केला, आणि त्याला काही काम उरलं नाही. दुरुस्ती चुकली का? नाही, दुरुस्ती बरोबर होती. ती ज्यांच्यासाठी केली त्यांच्याकडून मी गाडी काढून घेतली, एवढंच. तेही बरोबर होतं बहुतेक.

मिस्त्रींना विचारलं, गिऱ्हाईक आहे का. म्हणाले, बघतो. आई-बाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगायला हवं. या बुधवारी राहिलं.

१ जुलै, बुधवार

मिस्त्रींकडे गिऱ्हाईक आलंय. पुढच्या आठवड्यात बघायला येतो म्हणाला. आता सांगावंच लागेल.

८ जुलै, बुधवार

आई ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झाली.

परीक्षा होती, हेच मला माहीत नव्हतं! मी गाडी विकायचं सांगायला गेले, तर दोघं नुकतीच तिथून आलेली. मे महिन्यापासून रोज सकाळी शिकवणीच्या गाडीत आई पुढे, बाबा मागे. परीक्षक शेजारी बसून सूचना देत होता, तर त्याला म्हणाली, "जरा गप्प बसा हो, मला इंजिन ऐकू येत नाहीये." बाबांना सांगताना इतकं हसू येत होतं की गोष्ट दोनदा अर्धवट राहिली. आईला काही विनोदी वाटलं नव्हतं. परीक्षा आठवड्याभराने पुन्हा देता येते.

"किल्ली दे," आईने हात पुढे केला. "त्या शिकवणीच्या गाडीचा क्लच वेगळाच आहे. आपल्या गाडीवर हात बसायला हवा."

"पण शेजारी कुणीतरी लायसन्सवालं —"

"मी आहे ना," बाबा म्हणाले. "मला दिसतं की."

दिली.